अंबाबाईला जाताना : कोल्हापुरात काय खावं, कुठं बसावं

भाताची झोडणी उरकली, पोती घरात आली, की आपल्या मुळशी खोऱ्यातल्या बचत गटांच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. आणि बहुतेक ठिकाणी पहिलं नाव ठरलेलं असतं, कोल्हापूरची अंबाबाई. दर्शनाचं आपण सगळं बारकाईनं ठरवतो. ओटीत काय घालायचं, साडी कोणती नेसायची, कोणाच्या नवसाचं नारळ कोणी न्यायचं. खाण्याचं विचारलं की उत्तर एकच, "बघू तिथं गेल्यावर."

मग होतं असं. दुपारचे दोन वाजतात, पोटात काही नाही, पित्त चढलेलं, आणि अठरा बायका रस्त्याच्या कडेला उभ्या. प्रत्येकीला विचारावं, काय खाणार? तर "मला काही नको." घरी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची सवय, ती गावाबाहेरही आपल्याबरोबर येते. म्हणून आज आम्ही फक्त खाण्याबद्दल बोलणार आहोत. कोल्हापुरात दीड दिवसात काय खावं, कुठं बसावं, आणि मागवायचं कसं.

आधी पैशाचं. आमच्या गटांनी वर्षभर दर महिन्याला १०० रुपये सहलीसाठी वेगळे ठेवले. बचतीला हात लावला नाही, कोणाकडं मागितले नाहीत. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांपुढच्या आजींना तिकीटच नाही. वयाच्या दाखल्यासाठी आधार कार्ड मात्र जवळ हवं. तिकिटात जे वाचतं, ते आम्ही खाण्याच्या खात्याला टाकतो. सहलीआधीच्या बैठकीत एक वही करायची. त्यात माळकरी कोण, कोणाचा कोणत्या वारी उपास, कोणाला साखरेची गोळी जेवणाआधी घ्यावी लागते, कोणाला तिखट सोसत नाही, हे लिहायचं. ही वही जिच्याकडं, तिनंच हॉटेलात मागवायचं. नवीन जागी अठरा तोंडांनी मागवलं की वाढणाराही गोंधळतो आणि बिलही.

वार कोणता निवडावा? मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, तेव्हा गर्दी जास्त आणि आपल्यातल्या निम्म्या जणींना उपास. आम्हाला बुधवार बरा पडतो. पहाटे पिरंगुटहून निघून स्वारगेट गाठायचं आणि कोल्हापूरची गाडी धरायची. अंतर साधारण २३० किलोमीटर. वाटेत थांबे धरून पाच-सहा तास सहज जातात.

वाटेतलं पहिलं खाणं घरचंच न्यावं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. दशमी दुधात भिजवलेली असली की प्रवासात कोरडी पडत नाही. गाडी साताऱ्याला थांबली तर कंदी पेढे मिळतात, पण ते येताना घ्यावेत. जाताना घेतले तर कोल्हापूर येईपर्यंत पुडा रिकामा होतो. थांब्यावर पाण्याची बाटली घेतली तर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. आणि पाणी प्यायचं. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून आपण दिवसदिवस पाणी पीत नाही, नंतर डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते. त्यापेक्षा गाडी थांबली की वही असलेल्या बाईनं आधी संडासाची जागा विचारून यावं. त्यात लाजायचं काही नाही.

कोल्हापुरात उतरलो की दर्शन. दुपारचं जेवण शाकाहारी ठेवा, म्हणजे माळकरी ताईंना वेगळं बसावं लागत नाही. देवळाजवळ भाविकांसाठी अन्नछत्र चालतं, त्याची वेळ गेल्यागेल्या विचारून घ्या. हॉटेलातच जायचं असेल तर शाकाहारी ताटात भाकरी, झुणका, भरलं वांगं मिळतं, आणि अख्खा मसूर मिळाला तर जरूर मागवा. नुसता मसूर, पण त्यांच्या मसाल्यात असा लागतो की मटणाची आठवण होऊ नये.

तिथं एक शब्द लक्षात ठेवा. कोल्हापूरकर 'चटणी' म्हणाले की आपली ओली चटणी समजायची नाही. त्यांची चटणी म्हणजे वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसणाची लाल पूड. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी. सगळा स्वयंपाक त्या एका बरणीवर उभा असतो. आपल्यातल्या ज्या मसाला कांडपाचा धंदा करतात, त्यांनी ती हातावर घेऊन नीट चाखावी, वास घ्यावा, भाव विचारावा.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरून खासबागेकडं या. कुस्तीचं हे मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं. त्याच्या आसपास भेळेच्या गाड्या लागतात. राजाभाऊची भेळ तिथलीच, नाव ऐकून असालच. दोघींत एक घ्या, रात्रीच्या जेवणाला जागा ठेवा.

रात्रीचं जेवण म्हणजे तांबडा आणि पांढरा. मटणाचं ताट मागवलं की सुक्क्याबरोबर हे दोन्ही रस्से येतात. दोन्हींचं मूळ एकच, मटण शिजलेलं पाणी, म्हणजे अळणी. त्यात चटणी आणि खोबऱ्याचं वाटण पडलं की तांबडा होतो. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू पडले की पांढरा होतो. तांबड्यानं तोंड भाजलं की पांढऱ्याचा घोट घ्यायचा. लक्ष्मीपुरीतलं पद्मा, शिवाय ओपल, देहाती ही नावं तिथं कोणालाही विचारली तरी रस्ता सांगतात. बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा. ताटाचा भाव काय, आणि रस्सा पुन्हा वाढता का? बहुतेक ठिकाणी वाढतात, पण विचारलेलं बरं. आठच्या आत जेवून घ्या, म्हणजे रात्री छातीत जळजळत नाही.

आता जरा बसण्याबद्दल. आमच्याबरोबर दोन जणी कातकरी वाडीतल्या होत्या. हॉटेलात शिरल्यावर त्या दाराजवळच्या टेबलाशी उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तर, "तुमचं होऊ द्या." गावात काही घरांत अजून त्यांना ओट्यावर चहा मिळतो, वेगळ्या कपात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरी तसा कप आहे, त्याही आमच्याच गाडीत होत्या.

तेव्हा त्याच शहरातली एक गोष्ट आम्ही टेबलावर सांगितली. गंगाराम कांबळे नावाचे दलित समाजाचे गृहस्थ शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या मोठमोठ्या मंडळींनाही पाजायचे. राजानंच घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

गोष्ट संपल्यावर आमच्यातल्या एक मावशी, वयानं सगळ्यांत मोठ्या, उठल्या आणि त्या दोघींच्या मधे जाऊन बसल्या. पांढऱ्या रश्शाची वाटी त्यांनी स्वतः पुढं सरकवली. गावी आल्यावर सगळं बदललं असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढच्या बैठकीला चहाचे कप एकाच ताटलीत आले, आणि सगळे एकसारखे होते. म्हणून आम्ही गटांना सांगतो, सहलीत लांब पंगत धरा, वाडीवाडीचे घोळके करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. आपल्याला म्हशींचं नवल नाही, पण दूध विकायची ती पद्धत बघण्यासारखी आहे. भेसळीची शंकाच नको, गिऱ्हाईक समोर उभं. गरोदर बायकांनी आणि ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी मात्र कच्चं दूध पिऊ नये, नुसतं बघावं.

नाष्ट्याला मिसळ. उद्यमनगरात फडतऱ्यांची आहे, कसबा बावड्यात बावडा मिसळ आहे. सकाळीच जा, दुपारपर्यंत थांबलात तर हात हलवत परत याल. तिथं मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे काप येतात. आपण जिला तर्री म्हणतो तो तिथं 'कट'. तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागवा आणि चमच्यानं घालून घ्या. उपाशीपोटी गोळी घेणाऱ्यांनी आधी दोन घास ब्रेड खावा.

निघण्याआधी गुळाची खरेदी. थंडीत गेलात तर गुऱ्हाळं चालू असतात आणि नवा गूळ बाजारात असतो. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठीच वसवली. गूळ घेताना फार पिवळाधमक बघून भुलू नका. थोडा तांबूस, गडद असला तरी चालतो. आधी चाखा, खारट लागला तर सोडून द्या.

कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही आहे. म्हणजे ते नाव लावून दुसऱ्या भागातला माल कोणी विकू शकत नाही. आता आपल्याकडं बघा. आपल्या आंबेमोहोरालाही हे मानांकन मिळालेलं आहे, पण आपण तो साध्या पिशवीत, नावाशिवाय, रस्त्याकडेला आलेल्या गाडीवाल्याला मोजून देतो. कोल्हापूरकर मिसळीला, मिरचीला, रश्शाला, चपलेला गावाचं नाव लावतात, आणि लोक त्या नावासाठी लांबून येतात. आमच्या तीन गटांनी परत आल्यावर किलोकिलोच्या पिशव्या करून त्यावर तांदळाचं नाव, गावाचं नाव आणि कापणीचा महिना लिहायला सुरुवात केली आहे. तुमच्या गटाला नमुना बघायचा असेल तर पुढच्या बैठकीला आम्ही घेऊन येऊ.

सहलीवरून आल्यावर घरी विचारतात, काय आणलं? गूळ आणा, चटणी आणा, पेढे आणा. पण काय खाल्लं, हेही सांगा. आमच्यातल्या कितीजणींनी लग्नानंतर पहिल्यांदाच टेबलाशी बसून, गरम, कोणीतरी वाढलेलं, पोट भरेपर्यंत खाल्लं. बिल आलं तेव्हा गटाच्या पैशातून गटाच्या बाईनं ते मोजून दिलं. त्यासाठी मन मोठं करायची वेळ कोणावर आली नाही, पैसे आपलेच होते.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत तारीख ठरवा, शंभर रुपयांचं खातं उघडा आणि वही कोणाकडं द्यायची ते लिहून ठेवा. आणि ती ताई विचारेल काय खाणार, तेव्हा 'मला काही नको' म्हणायचं नाही. पदार्थाचं नाव सांगायचं.