स्लो वाढवून प्रश्न सुटत नाही

लोकलमध्ये असाल तर निवांत ऐका. गाडी चालवत असाल तर फोनला हात लावू नका, नुसतं ऐका.

आजचा विषय आयडल. म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'स्लो'. "भाऊ, सिग्नलला गाडी बंद पडते, जरा स्लो वाढव ना." उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही जा, हे वाक्य ऐकू येतं. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला स्क्रू अर्धा आटा फिरवला की भागायचं. पण जुन्या एस्टीमला किंवा जिप्सीला तुम्ही स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट बसवलाय, लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ उघडलंय, आणि तिथेही स्क्रूच फिरवताय? मग गडबड होणारच.

आता डोळ्यासमोर आणा. मे महिना, कल्याण-बदलापूर रोडचा ट्रॅफिक, एसी चालू. कॉम्प्रेसर लागला, आरपीएम धपकन पडला, इंजिन बंद. मागून हॉर्न सुरू होतात ते सोडा. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. उतारावर हे झालं तर? म्हणून आयडल म्हणजे शोबाजी नाही, सेफ्टी आहे.

मग स्लो वाढवला तर बिघडतं काय? स्क्रूमधूनच जास्त हवा गेली की आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊन बसतो. आरपीएम खाली आणायला ईसीयूच्या हातात काही उरत नाही. वर पेट्रोल जास्त जातं आणि एक्सलरेटर सोडला तरी गाडी पुढे ढकलत राहते.

मग करायचं काय? सगळा खेळ क्रमाचा आहे.

एक. आधी पाना, मग लॅपटॉप. थ्रॉटल बॉडी साफ करा, व्हॅक्यूमचे पाइप तपासा, टीपीएस कॅलिब्रेट करा. टायमिंग सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर फिक्स करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर बघा. तिथे १० दिसत नसेल तर पुढे जाऊच नका.

दोन. इंजिन गरम होऊन फॅन एकदा लागू द्या. आता सगळे ऑटो करेक्शन बंद. आयडलच्या आसपासचे फ्युएल टेबलचे खाने वाइडबँड बघून सेट करा. पुस्तकातला आकडा १४.७, पण जुनं इंजिन १४ च्या आसपास जास्त शांत चालू शकतं. शेजारच्या खान्यांत मोठी उडी नको. आरपीएम थोडा हलला आणि मिश्रण एकदम बदललं, तर तिथूनच हंटिंग सुरू होतं.

तीन. आता हवा. ओपन लूपमध्ये व्हॉल्व्ह किती उघडल्यावर ८५० आरपीएम मिळतो ते लिहून ठेवा. थंड इंजिनाला साधारण १२०० लागतात, तेही तापमानाप्रमाणे टेबलात भरा.

चार. मगच क्लोज्ड लूप, तोही हलक्या हाताने. आरपीएम सावकाश वर-खाली झुलत असेल तर इंटिग्रल कमी करा. हवा पोहोचायला वेळ लागतो, ठिणगी मात्र लगेच काम करते. म्हणून टार्गेटच्या खाली टायमिंग दोन-चार अंश पुढे, टार्गेटच्या वर तेवढंच मागे. पण दोन्ही करेक्शन जोरात ठेवलीत, तर एकाच स्टिअरिंगला दोन ड्रायव्हर ओढतायत असं होतं.

पाच. एसी. एसीच्या स्विचची वायर ईसीयूला द्या आणि कॉम्प्रेसरचा रिले ईसीयूकडून चालवा. स्विच दाबला की आधी व्हॉल्व्ह थोडा उघडेल, अर्ध्या सेकंदाने कॉम्प्रेसर लागेल. लोड यायच्या आधी हवा तयार. बंद पडण्याचं खरं औषध बऱ्याचदा हेच असतं.

आणि आपल्याकडची खास गोष्ट, उन्हाळा. ट्रॅफिकमध्ये उभं राहून हवेच्या तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या उष्णतेने तापतो. ईसीयूला वाटतं हवाच विरळ झाली, ते पेट्रोल कापतं, आयडल खाली जातो. सेन्सर इंजिनापासून लांब, फिल्टरजवळ लावा. जमत नसेल तर आयडलला ते करेक्शन थोडं सौम्य करा.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रोजच्या गाडीचा कंपनीचा ईसीयू काढण्याआधी कल्याणच्या एमएच-०५ आरटीओत विचारा. आणि पेट्रोल गाडीची पीयूसीसुद्धा आयडललाच होते! बीएस-४ पासूनच्या गाडीला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम, यापेक्षा जास्त चालत नाही. सेटिंग कसं झालंय ते ही मशीन सांगते, ट्यूनर भाईचा शब्द नाही.

तर या रविवारी एवढंच करा. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, दहा मिनिटांचा लॉग घ्या. त्यात एसी तीनदा चालू-बंद करा. आरपीएम, व्हॉल्व्ह आणि टायमिंग एका खाली एक लावून बघा, आधी कोण हललं. जो आधी हलला, तिथून शोधायला लागा. तोपर्यंत स्क्रू ड्रायव्हर खिशातच राहू द्या. भेटू पुढच्या भागात!