बाळंतिणीचा मानसिक आजार आणि घरचा जमाखर्च
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पीक लागवडीवर बोलणारा माणूस आज बाळंतिणीच्या आजारावर का बोलतो, असे आपणांस वाटेल. हे नुकसान आपल्या वहीत कधी चढत नाही, म्हणून बोलतो. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाचीही मजुरी धरतो. आपण मात्र मजुराला दिलेले पैसे तेवढे लिहितो. खुरपणी, कापूस वेचणी, धारा, शेणगोठा ही घरच्या बाईची कामे फुकटात जमा! ती अंथरुणाला खिळली की मजूर लावतो आणि तो खर्च खुरपणीच्या नावावर टाकतो.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणे, चिडचिड होणे सर्रास आढळते. ते आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटले तरी मन उदास, जेवणावर वासना नाही, बाळ झोपले तरी हिला झोप नाही, अशी अवस्था असेल तर तो आजार समजावा. गरोदरपणातही तो होतो. आपल्याकडे त्याला आळस म्हणतात, नाहीतर बाहेरचे म्हणून देवऋषाकडे कोंबडे जाते. तोही खर्चच की!

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही कारणे त्यात पुढे आली. अशा मातांची बाळे सहा महिन्यांची झाली, तेव्हा त्यांचे वजन कमी भरण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक होता. रोप रोपवाटिकेतच खुरटले तर पुढे वरखते देऊन किती भरून निघते, हे आपणांस सांगायला नको.

ब्रिटनमधील अर्थतज्ज्ञांनी २०१४ साली हिशेब मांडला. एका वर्षातील बाळंतपणांमागे या आजारांमुळे समाजाचे ८१० कोटी पौंडांचे नुकसान होते आणि त्यातील ७२ टक्के वाटा मुलांवर होणाऱ्या परिणामांचा आहे. सेवा सुधारण्यास मात्र वर्षाला सुमारे २८ कोटी पौंड लागतील, असा त्यांचा अंदाज होता. तिकडचे पौंड आपल्या गावाला लागू नाहीत, पण प्रमाण पाहावे.

उपचाराला मोठा दवाखानाच लागतो असे नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावच्याच आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी, ठरावीक पद्धतीने समुपदेशन मिळालेल्यांपैकी २३ टक्के आजारी राहिल्या. नुसत्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. हे निष्कर्ष २००८ चे आहेत.

तेव्हा सुनेत वा पत्नीत अशी लक्षणे दिसली तर आशाताईंना सांगावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. रात्रीचे बाळ सासूने वा नवऱ्याने घेऊन तिला सलग झोप द्यावी. मात्र ती असंबद्ध बोलू लागली, रात्र रात्र जागू लागली, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली, तर एकटे सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, मग सुगी ऐन भरात असली तरी. औषधे चालू असताना अंगावर पाजावे की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. औषध किंवा दूध आपल्या मनाने बंद करू नये.