बाहुल्यांचे भय आणि शेजारची जागा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी भयाविषयी बोलावयास उभे राहणे काहींना विपरीत वाटेल. परंतु हा विषय बालविभागानेच आमच्यावर सोपविला आहे. सुटीत मुलांना 'कोरालाइन' हा बाहुलीपट दाखवावा, अशी सूचना आली. काही पालकांनी तिला ठाम विरोध केला. मुले रात्री दचकून उठतील, हा त्यांचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून दोन्ही बाजू तोलून आमचे मत आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ही कला कोणती, ते पाहू. या चित्रपटांत नटांच्या जागी बाहुल्या असतात. बाहुलीचा हात केसभर हलवावयाचा, एक छायाचित्र घ्यावयाचे. पुन्हा केसभर हलवावयाचा, पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात, त्यामुळे कारागिराची दिवसभराची मेहनत काही क्षणांत संपते. मराठी माणसाला ही युक्ती परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या अशाच खेळविल्या होत्या.

मग काड्या हलल्या तर मौज आणि बाहुली हलली तर भय, असे का व्हावे? कागदावर रेखाटलेले चित्र हे चित्रच आहे, हे मूल जाणते. बाहुली ही मात्र खरी वस्तू. तिच्यावर खरा उजेड पडतो, तिची खरी सावली पडते, कापडावरची शिवणसुद्धा दिसते. तसलीच एक बाहुली घरच्या कपाटात निजलेली असते. निर्जीव म्हणून जिला उराशी धरले, तिने आपण होऊन मान वळविली तर? १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू आठवावा. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला छायाचित्रांच्या युक्तीने चालत नव्हता, तो हाताने खेळविलेला होता. पण भयाची जात हीच. महाराष्ट्रातील मुलांच्या एका पिढीने तो डोळ्यांवर हात ठेवून आणि बोटांच्या फटीतून, घाबरत आणि हसत पाहिला.

किंबहुना आपल्या बालवाङ्मयाला भयाचे वावडे कधीच नव्हते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या वाटेवर वाघ आणि कोल्हा तिला खावयास टपलेले असतात. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले, त्यात चेटकीण होती. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या' मधील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली, आणि गंमत अशी की, पुढे पडद्यावर तात्या विंचू झाले तेही तेच. २०१८ साली 'अलबत्या गलबत्या' पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हाही मुलांनी नाट्यगृहे भरली. भय नको असते तर ती भरली नसती.

तथापि सगळे भय एका मापाने मोजता येत नाही. घास संपविण्यासाठी जो बागुलबुवा बोलाविला जातो, त्याच्या गोष्टीला शेवट नसतो. तो दाराआड उभाच राहतो, आणि त्याला बोलाविणारे घरचेच वडील माणूस असते. गोष्टीतला राक्षस शेवटी मरतो, चेटकीण फजीत होते. पहिल्या भयाने मूल दबते. दुसऱ्याने त्याला भयातून बाहेर पडण्याचा सराव होतो. चित्रपटाची परीक्षा करताना त्यात किती काळोख आहे, याबरोबरच त्यातून बाहेर येण्याची वाट दाखविली आहे की नाही, हेही पाहावे.

आता 'कोरालाइन' कडे वळू. नील गेमन यांच्या २००२ च्या कादंबरीवरून हेन्री सेलिक यांनी तो २००९ साली पडद्यावर आणला. कथा अशी : एक मुलगी आईवडिलांबरोबर नव्या गावी, नव्या घरात राहावयास येते. जुन्या मैत्रिणी दुरावल्या आहेत. आईवडील लेखनाच्या कामात इतके गढलेले की, मान वर करावयास सवड नाही. भिंतीतल्या एका लहानशा दारापलीकडे तिला दुसरे घर सापडते. तेथे दुसरी आई आहे. ती आवडीचे रांधते, सारे लाड पुरविते. मात्र तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे शिवलेली आहेत. येथेच कायमचे राहावयाचे तर तुझ्या डोळ्यांवरही बटणे शिवून घे, अशी तिची अट असते. पुढे ही दुसरी आई खऱ्या आईबापांना पळविते आणि मुलगी त्यांना सोडवून आणते. आईबापांना मात्र यातले काहीच आठवत नाही.

बंधुभगिनींनो, ही कथा आम्हां बदलीच्या नोकरीवाल्यांच्या घरची नाही काय? सरकारी हुकूम येतो, सामान बांधले जाते, आणि मूल नव्या शाळेत, नव्या बोलीत एकटे उभे राहते. आजी दूर सांगली-साताऱ्यास. वडील कचेरीत, आईही नोकरीत. बटणांच्या डोळ्यांनी मूल घाबरते ते यासाठी की, ती बाई हुबेहूब आईसारखी दिसते. आपले माणूस आपल्याकडे बघेनासे झाले तर काय, हे ते भय आहे. चित्रपटाने ते निर्माण केलेले नाही. ते घरात आधीच होते, चित्रपटाने त्याला रूप दिले. आम्हां वडीलधाऱ्यांना हा चित्रपट अधिक बोचतो, याचे कारणही हेच असावे.

यावरचा उपाय याच जयपुरात आपल्या डोळ्यांसमोर आहे. कठपुतळीवाले भाट नागौरच्या अमरसिंह राठोडाची कथा खेळवितात. तीत दरबार आहे, कपट आहे, १६४४ सालचा आग्र्याच्या किल्ल्यातील वध आहे. त्यांचा जादूगार तर स्वतःचे मुंडके उडवून पुन्हा झेलतो. एवढे असूनही पुढे बसलेली मुले आनंदाने ओरडत असतात. खेळविणारा तोंडात 'बोली' धरून कर्कश आवाज काढतो, त्यातले अक्षरही कळत नाही. पण बाजूला ढोलक घेऊन एक बाई बसलेली असते. ती बाहुल्यांना प्रश्न विचारते, त्यांचे उत्तर साध्या शब्दांत मुलांना सांगते. कर्कश आवाजाचा अर्थ लावून देणारे माणूस जवळ आहे, म्हणून मुंडके उडाले तरी मूल हसते.

आज पडदा हातात मावतो आणि मूल पांघरुणात एकटे पाहते. ढोलकवालीची जागा रिकामी आहे. कायद्याने आपले काम केले आहे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन वर्ग झाले. पण प्रमाणपत्र वय सांगते, मुलाचा स्वभाव सांगत नाही. तो आईबापांनीच ओळखावयाचा असतो.

सबब आमची सूचना अशी. चित्रपट अवश्य दाखवावा, पण आधी पालकांनी तो स्वतः पाहावा. अगदी लहान मुलांना, आणि ज्या घरात नुकतेच दुःख घडले आहे तेथील मुलांना, त्या दिवशी दुसरा खेळ द्यावा. दिवाणखान्यात मंद दिवा ठेवावा. उठून जाणाऱ्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये. संपल्यावर बाहुली कशी हलवितात ते मातीचा गोळा घेऊन करून दाखवावे. आणि प्रत्येक मुलाशेजारी घरचे एक वडील माणूस बसलेले असावे. ज्यांना सवड नाही त्यांच्या मुलांसाठी मंडळातील काका-मावशी आहेतच. आजीपासून दूर आलेल्या मुलांना आजीच्या जागी कोणी तरी असावे, यापेक्षा मंडळाचे दुसरे कार्य ते काय?