काळीज आणि लाल मणी

मुंबईत देवनारच्या मटणवाल्याकडे काळीज मागितलं, तर तो यकृत तोलून देतो. आई बाळाला ‘माझं काळीज’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात हृदय असतं. मराठीनं दोघांना एकाच नावात बसवलं आहे आणि तान्ह्या बाळांच्या एका दुखण्याला ते नाव चपखल लागू पडतं: गाठी यकृतात, धाप हृदयाला.

या गाठी रक्तवाहिन्यांच्या, कॅन्सरच्या नव्हेत. डॉक्टर त्यांना हिमँजिओमा म्हणतात. एकटी गाठ असेल तर ती बहुधा पोटातूनच पुरती वाढून येते आणि वर्ष-सव्वा वर्षात ओसरते. दुसऱ्या प्रकारात सुट्या सुट्या अनेक गाठी असतात, मधलं यकृत निरोगी. तिसरा प्रकार वाईट. यकृत गाठींनीच भरून जातं, पोट फुगतं, श्वास कोंडतो. गाठींतून रक्त आडवाटेनं थेट शिरांत शिरलं, तर हृदय पंप करून करून थकतं. शिवाय या गाठी थायरॉइडचं संप्रेरक निकामी करतात. म्हणून जन्मावेळची तपासणी चांगली आली होती, एवढ्यावर थांबू नये. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, पुन्हा बघावी लागते.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण आंघोळ घालणाऱ्या आजीला दिसते. जन्मानंतर काही आठवड्यांत अंगावर लाल मण्यांसारखे उंचवटे उठतात. आजी आईला म्हणते, ग्रहणात काही चिरलं असशील. ग्रहण राहू द्या, आजी, मणी मोजा! पाच किंवा जास्त भरले, तर यकृताची सोनोग्राफी करून घ्यायची. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. फक्त बाळ शांत हवं, नाहीतर डॉप्लरवर रक्ताचा वेग नीट दिसत नाही. आईनं मांडीवर घेऊन पाजत ठेवलं की काम होतं.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘एएफपी’ हे यकृताच्या कॅन्सरची खूण मानलं जाणारं प्रथिन वाढलेलं दिसलं, तर लगेच हाय खाऊ नका. तान्ह्या बाळांत ते मुळातच जास्त असतं. आकडा वयाशी ताडून बघायचा.

छोट्या गाठींवर नुसती नजर ठेवतात. औषध लागलंच, तर प्रोप्रानोलॉल. मूळचं ते हृदयाचं औषध; त्यानं अशा गाठी आटतात, हे २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. मात्र बाळ दूध घेत नसेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस देऊ नका, साखर उतरते.

बाळाला दाखवायला देवनारकरांनी गोवंडीला गाडी पकडावी, कुर्ल्याला बदलून परळला उतरावं. वाडिया बालरुग्णालय तिथे १९२९पासून आहे. जाताना जुने रिपोर्ट आणि बाळाचं दुपटं बरोबर घ्या.