उमाळा



“सर, ‘अपवेलिंग’ला मराठीत काय म्हणायचं?” एका विद्यार्थिनीने विचारले आणि साहित्य शिकवणारा मी अडलो.

पावसाळ्यात वाऱ्यामुळे आपल्या गोव्याच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर सरते, खालचे थंड पाणी वर येते. त्यात पोषकद्रव्ये भरपूर, प्राणवायू थोडा. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. १९९९च्या सप्टेंबरात तर इथल्या तळपाण्यात हायड्रोजन सल्फाइड आढळला होता.

पृथ्वीच्या पोटातही तप्त, घन खडक संथपणे वर सरकतो. दाब घटला की वितळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हातून दख्खनचा काळा पाषाण घडला, त्यामागे असाच प्रवाह असल्याचे मानले जाते.

समुद्रात वारा ओढतो, भूगर्भात उष्णता ढकलते. येणे मात्र खालून वर. मी ‘उमाळा’ सुचवला. मुळात तो पाण्याचाही शब्द. आपण तो भावनेपुरता उरवला.

“परीक्षेत चालेल?” तिने विचारले.

माझ्याकडे उत्तर नव्हते. ते भूगोलाच्या शिक्षकांनी आणि आपण मिळून द्यावे, एवढीच विनंती.