निर्व्याज घर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'निर्व्याज' हा मराठीतला फार गोड शब्द आहे. निर्व्याज प्रेम, निर्व्याज हसू असे आपण म्हणतो. संस्कृतात 'व्याज' म्हणजे बहाणा, कपट. शाळेत अलंकार शिकताना व्याजोक्ती, व्याजस्तुती भेटतात त्या याच अर्थाने. बाजारात मात्र व्याज म्हटले की सावकार आणि बँकच आठवते. आज मला बोलायचे आहे ते दोन्ही अर्थांनी निर्व्याज अशा घराबद्दल.

आमचे सेलू वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-वर्धा रस्त्यावरचे. परभणीचे सेलू वेगळे. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी वाहतूकही सुरू झाली. आता प्लॉटचा भाव ऐकला की पगारदार माणसाची छाती दडपते. त्यातही मुस्लिम तरुणापुढे दोन अडचणी असतात. पहिली सगळ्यांचीच, की एकरकमी पैसा नाही. दुसरी श्रद्धेची. इस्लाममध्ये व्याज घेणे आणि देणे दोन्ही निषिद्ध मानले आहे. मग कोणी नाइलाजाने गृहकर्ज घेतो आणि मनात सल बाळगतो, तर कोणी भाड्याच्या दोन खोल्यांत उमर काढतो.

मी काही मुफ्ती नाही, बी.ए. झालेला कवी आहे. पण जे वाचले, जाणत्यांकडून समजून घेतले, ते सांगतो. कुरआनात व्याज आणि व्यापार यांत स्पष्ट फरक केला आहे. व्याज नाकारले आहे, व्यापाराला मुभा दिली आहे. उधारीच्या विक्रीलाही मनाई नाही. समजा, एका प्लॉटची रोख किंमत दहा लाख आहे. मालक म्हणतो, पाच वर्षांच्या हप्त्याने घेणार असाल तर बारा लाख. म्हणजे महिन्याला वीस हजार, असे साठ हप्ते. बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांच्या मते हा व्यवहार वैध आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९० मध्ये तसा ठरावही केला.

यावर तुम्ही लगेच विचाराल, की हे वरचे दोन लाख म्हणजे व्याजच नव्हे काय? नाव बदलले, गोष्ट तीच! शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊ नये.

फरक तीन जागी आहे. पहिला, विकणाऱ्याजवळ ती वस्तू खरोखर हवी. ती त्याच्या मालकीची, तिची जोखीम त्याच्या माथ्यावर. जवळ नसलेली जमीन विकून नफा घेता येत नाही. दुसरा, रोखीचा भाव घ्यायचा की उधारीचा, हे उठण्याआधी ठरले पाहिजे आणि ठरलेली किंमत मग बदलत नाही. तिसरा फरक सर्वांत मोठा. हप्ता चुकला तरी किंमत एका रुपयानेही वाढत नाही. बारा लाख ते बारा लाखच. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ करता आले तर अधिक चांगले, अशी कुरआनाची शिकवण आहे. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याची मात्र गय नाही. त्याच्याकडून वसुली करता येते.

हिंदू परंपरेतला दामदुप्पटाचा नियम अनेकांना ठाऊक असेल. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, असा तो नियम. वाट वेगळी असली तरी काळजी तीच, की देणे माणसाला गिळून टाकेपर्यंत वाढू नये.

मग आपल्या बँका असे घर का विकत नाहीत? कारण १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करता येत नाही. स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ताही सर्वसाधारणपणे सात वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. रघुराम राजन यांच्या समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. पण हा विषय पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरवले आणि २०१७ मध्ये ते जाहीर झाले. आणखी एक अडचण अशी, की बँकेने आधी घर घ्यायचे आणि मग विकायचे म्हणजे मुद्रांक शुल्क दोनदा. ब्रिटनने यासाठी २००३ मध्ये कायदा बदलून हा दुहेरी भार काढून टाकला. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी ठेवींतून बिनव्याजी कर्ज देण्याचा प्रयोग सुरू केला. प्रयोग चांगला, पण तो छोट्या कर्जांचा होता. त्यातून घर उभे राहत नाही.

म्हणून मला वाटते, बँकेची वाट पाहण्यापेक्षा दोन माणसांमधला व्यवहार नीट करावा. त्याला आपला कायदा आडवा येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच विक्रीची किंमत दिलेली, कबूल केलेली, किंवा काही दिलेली व काही कबूल केलेली असू शकते, असे म्हटले आहे. कलम ५५ प्रमाणे राहिलेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो. म्हणजे त्याचेही पैसे सुरक्षित. मात्र एक मेख आहे. उलट करार नसेल, तर हेच कलम ताबा दिल्यापासून थकीत रकमेवर व्याजाचाही हक्क देते. म्हणून राहिलेल्या रकमेवर व्याज लागणार नाही, हे वाक्य खरेदीखतात स्पष्ट लिहायला हवे. लाखमोलाचे वाक्य आहे ते. वकिलाकडून घालून घ्या.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचे लेखी करण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आपण मात्र 'घरचाच माणूस आहे' म्हणून साध्या कागदावर भागवतो. तसे करू नका. दस्ताची नोंदणी करा. हप्त्यांच्या तारखा लिहा. पैसे बँकेतून द्या, कारण स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याचीही मनाई आहे.

आणि नावाला भुलू नका. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कागदावर खरेदीखत आणि पोटात सावकारी कर्ज, असे किती व्यवहार झाले! अशी जमीन चौकशीअंती परत मिळवून देण्याची तरतूद २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात करावी लागली. मुसलमानांनाही 'हलाल' शब्दाचे आमिष दाखवले गेले. बंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायझरी २०१९ मध्ये बुडाली आणि हजारोंची बचत गेली. तेही संस्कृतातल्या अर्थाने व्याजच, म्हणजे कपट.

तेव्हा कोणताही व्यवहार पारखायचा असेल तर एकच प्रश्न विचारा. पाऊस दगा देईल, नोकरी जाईल, घरात आजारपण येईल, त्या महिन्यात हा कागद माझ्याशी कसा वागेल? देणे फुगत जाणार असेल तर त्याला कोणत्याही भाषेतले पवित्र नाव द्या, ते व्याजच. देणे आहे तेवढेच राहून सवड मिळणार असेल, तर ते घर निर्व्याज. मग ते घेणारा मुसलमान असो की आणखी कोणी.