करांद्याची कॅलरी कुणाच्या हिशेबात?

(बाजारकुणंग येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'देशोदेशींचं अन्न: कॅलरी आणि खर्च'. त्यावर बोलणारच आहे. पण कुठं जाऊन थांबणार ते आधीच सांगून टाकतो: तुमच्या डोंगरात निघणाऱ्या करांदा या कंदापाशी. (हशा) हसा खुशाल. पण माझं ठाम मत आहे की जे अन्न विकत घेतलं जात नाही, तिथं जगातले सगळे अन्नाचे हिशेब लंगडे पडतात. आणि असं अन्न कर्नाटकातल्या तुमच्या या जोयडा तालुक्याइतकं फार थोड्या ठिकाणी उरलंय.

आधी आकडे. अमेरिकेतलं कुटुंब एकूण घरखर्चातले जेमतेम सात टक्के घरी खायच्या जिनसांवर खर्च करतं. नायजेरियात हाच वाटा ५९ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत खेड्यातला माणूस महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये खर्च करतो, त्यातले ४७ टक्के अन्नावर. शहरातला ६,९९६ रुपये, त्यातले जवळपास ४० टक्के अन्नावर. १९९९-२००० मध्ये खेड्यातला वाटा ५९ टक्के होता. मिळकत वाढली की अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेलनं बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या खर्चावरून १८५७ मध्येच सांगून ठेवलंय. एंगेलचा नियम तुम्ही कॉलेजात शिकलेले आहात, त्यात शिरत नाही.

मला गंमत वाटते ती पुढच्या आकड्यात. त्याच पाहणीत खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला दिवसाला २,२१२ कॅलरी येतात आणि शहरातल्याच्या वाट्याला २,२४०. फरक २८ कॅलरींचा. अन्नावरचा खर्च मात्र खेड्यात महिन्याला १,९४० रुपयांच्या आसपास आणि शहरात २,७७५ च्या आसपास. म्हणजे महिन्याला आठशेहून जास्त रुपये जादा मोजून पोटात गेल्या रोजच्या २८ कॅलरी! बाकीचे पैसे कशात गेले? थोडे दुधात, फळांत. बरेच हॉटेलात, पुडीतल्या खाऊत आणि शहरातल्या चढ्या भावात. आता खेडीही त्याच वाटेवर आहेत. खेड्यातल्या घरखर्चात तांदूळ-गहू-ज्वारीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास उरलाय, आणि पेयं, फराळ, तयार खाणं यांचा दहाच्या जवळ पोचलाय.

अमेरिकेत दर माणशी दिवसाला ३,८०० च्या आसपास कॅलरी उपलब्ध असतात असं अन्न व कृषी संघटनेचे ताळेबंद सांगतात. भारतात अडीच हजारांच्या थोड्या वर. पण हा आकडा घरापर्यंत पोचलेल्या मालाचा आहे, ताटात उरून फेकलेलंही त्यात आलं. म्हणून देशोदेशींचे असे तक्ते वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: मोजलं कुठं? गोदामात, दुकानात, की चुलीपाशी?

हा प्रश्न ज्यांनी सर्वांत जोरात विचारला ती दोन माणसं पुण्यातली होती. त्यांच्याविषयी दोन मिनिटं बोलतो. विष्णु महादेव दांडेकर आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. दोघेही संख्याशास्त्रातले. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो, हे त्यांनी काढलं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्याखाली तो गरीब. पुढं १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटानं खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या, कारण खेड्यातला माणूस जास्त कष्ट उपसतो.

सुखात्मे साताऱ्याच्या बुध गावचे. लंडनला शिकले, रोमला अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग १९५१ पासून १९७० पर्यंत सांभाळला आणि परत पुण्याला आले. जगातल्या भुकेचा आकडा ज्यानं आयुष्यभर मांडला, तोच माणूस म्हणू लागला की कॅलरीची ही सरळ रेघ चुकीची आहे. तब्येतीनं धडधाकट माणूससुद्धा एका आठवड्यात कमी खातो, दुसऱ्यात जास्त. एका मर्यादेपर्यंत शरीर ते सांभाळून घेतं. सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी असं म्हणता येणार नाही. शिवाय पाणी घाण असेल तर खाल्लेलं जुलाबात जातं, तेव्हा नुसतं धान्य वाढवून काय होणार? दांडेकरांनी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, गरीब कमी खातो ते खिसा रिकामा म्हणून. त्याच्या शरीरानं जुळवून घेतलं, याचा अर्थ त्याचं भागतंय असा होत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत गाजला, आणि दोघंही इतक्या तळमळीनं भांडले की... (अध्यक्षांकडे पाहून) हो, हो, दोन मिनिटांची दहा झाली. (हशा) पण अध्यक्ष महाराज, आपल्या भुकेची व्याख्या या वादातून घडली, ती इथं सांगायची नाही तर कुठं?

माझं मत विचाराल तर पाण्याच्या बाबतीत सुखात्म्यांचं ऐकावं आणि खिशाच्या बाबतीत दांडेकरांचं. पण करांदा दोघांच्याही हिशेबात नीट बसला नाही, ही माझी तक्रार आहे.

तुमच्याच घरचं गणित करू. रेशनवर अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना पाच किलो तांदूळ. म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, साधारण ५८० कॅलरी. २,४०० धरल्या तर पाव हिस्सा सुद्धा पुरता नाही. उरलेलं कुठून येतं? थोडं शेतातून, बरंच दुकानातून. आणि मार्गशीर्ष-पौषात परसातून, रानातून. करांदे, काटेकणंग, सुरण, मुडली, माडी. शंभर ग्रॅम कंदामागं शंभराच्या आसपास कॅलरी धरा. किलोभर उकडलेले कंद घरात आले की हजार कॅलरी आल्या, आणि खर्चाच्या वहीत शून्य.

पाहणीवाले घरच्या पिकाला आणि फुकट गोळा केलेल्या मालाला अंदाजे किंमत लावतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना दोष देत नाही. पण जे कुणी विकतच नाही त्याचा भाव कुठला लावणार? आणि उद्या रानाची वाट बंद झाली, तेवढ्याच कॅलरींसाठी दांडेलीच्या बाजारातून बटाटे आणावे लागले, तर त्या घराचा खर्च वाढेल. कागद म्हणेल, कुटुंब सुधारलं! ताटात काहीच वाढलेलं नसेल. याच कारणासाठी मी देशोदेशींचे तक्ते बघून हुरळत नाही.

(मागून प्रश्न: सर, तुम्ही घरी काय खाता?)

भात आणि चपाती, बाबा. प्रश्न योग्य आहे. तुम्ही कुणब्यांनी कंद खाऊन रानातच राहावं, असं मी म्हणतोय असं कुणी समजू नये. कंदात पिठूळपणा भरपूर, प्रथिनं कमी. पोरांना डाळ, अंडी, दूध, मासळी मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की नवं येण्याआधी हातातलं जाऊ नये.

समोर बसलेल्या आजी म्हणताहेत, "खणायला अर्धा दीस जाता, ता कोण मोजता?" आजी, माझ्या व्याख्यानातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही बोललात. (टाळ्या) कडू करांदा राखेत उकळायचा, चकत्या करून रात्रभर पाण्यात ठेवायचा, हे सगळं बाईचं काम. हे काम कुठल्याही देशाच्या अन्नखर्चात लिहिलेलं नाही.

चिठ्ठी आली. लांबच्या वाड्यांवर जायचंय तुम्हाला, तेव्हा कुमरीचा, म्हणजे फिरत्या शेतीचा, इतिहास गाळतो, सुपा धरणाचाही. जुनं सुपा पाण्याखाली गेलं, हे तुमच्यातल्या कितीजणांनी डोळ्यांनी पाहिलंय. कायद्याचं मात्र सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

२००६ च्या वन हक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमात गौण वनउपजाची व्याख्या आहे. तिच्यात मध, मेण, बांबू, औषधी वनस्पतींबरोबर मुळं आणि कंद हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं, त्यामुळं काळी व्याघ्र प्रकल्पाचं नाव ऐकून मागं फिरू नका. अडचण दुसरी आहे. पलीकडे गोव्यात कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इथं कर्नाटकात तीच मागणी वर्षानुवर्षं पडून आहे. म्हणून गोव्यातल्या कुणब्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वस्ती दाखवून भागतं. तुम्हाला त्या तारखेआधीची ७५ वर्षं दाखवावी लागतात. डोंगर एक, कंद एक, माणसं नात्यातली, आणि पुरावा दुप्पट-तिप्पट. हा अन्याय आहे, असं मी या व्यासपीठावरून म्हणतो.

तरीही दावा करा. सामूहिक हक्कांचा नमुना 'ब' असतो. गौण वनउपजाच्या जागी मध आणि शिकेकाई लिहून थांबू नका. प्रत्येक कंदाचं तुमच्या बोलीतलं नाव लिहा, कुठल्या रानात आणि कुठल्या महिन्यात निघतो ते लिहा. दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, अशी नियमांतच तरतूद आहे. पुढच्या ग्रामसभेला या आजींना घेऊन जा आणि त्यांचा जबाब लिहून घ्या.